धूसरतेचे अंतर

मराठी समीक्षेत ‘धूसर’ हे विशेषण बहुधा तक्रारीच्या सुरात येते. प्रतिमा धूसर आहे, म्हणजे कवीला स्वतःलाच काही नीट दिसलेले नाही, असे म्हणून आपण पुढच्या कवितेकडे वळतो. आम्ही दोघे (पतिपत्नी, आणि दोघेही मराठीचे अध्यापक) वर्गात हा शब्द पुष्कळदा वापरत आलो आहोत. संगणकीय दृष्टी या शास्त्रात मात्र धूसरतेकडे दोष म्हणून नव्हे, तर पुरावा म्हणून पाहणारी एक विचारधारा आहे. अलेक्स पेंटलंड यांनी १९८७ साली ती एका निबंधात मांडली. पुढे पवईच्या आयआयटीतील सुभाषिस चौधरी आणि त्यांचे विद्यार्थी ए. एन. राजगोपालन यांनी या विषयावर लिहिलेला स्वतंत्र ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला.

मूळ कल्पना शाळेतल्या भिंगाच्या सूत्रापलीकडची नाही. भिंग एका विशिष्ट अंतरावरचेच बिंदू बिंदूसारखे उमटवते. त्याच्या अलीकडचा वा पलीकडचा बिंदू फिल्मवर लहानशी चकती होऊन पसरतो. जितके अंतर चुकलेले, तितकी चकती मोठी. तेव्हा चकती मोजा, अंतर कळेल. पण येथेच गोम आहे. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग २ मीटरवर रोखले, तर ५ मीटरवरचा बिंदू जेवढा पसरतो नेमका तेवढाच सव्वा मीटरवरचाही पसरतो. शिवाय चित्रातली मऊ कड ही भिंगामुळे मऊ झाली की ती सावलीचीच कड होती, हे एकटे चित्र सांगत नाही. म्हणून भिंगाचे छिद्र वा रोख बदलून दोन चित्रे घ्यायची आणि त्यांतल्या धूसरतेचा फरक पाहायचा. सावलीची मऊ कड दोन्हींत मऊच राहते. भिंगाने केलेली तेवढी बदलते.

निसर्गाने ही युक्ती आधीच योजलेली आहे. घराच्या भिंतींवर उड्या मारून माश्या टिपणाऱ्या एका कोळ्याच्या दृष्टिपटलाला चार थर असतात. हिरव्या प्रकाशाचे चित्र एका थरावर स्पष्ट आणि शेजारच्या थरावर धूसर पडते, आणि या दोहोंच्या तुलनेतून तो उडी बेततो. जपानी संशोधकांनी २०१२ साली हे दाखवून दिले. हिरवा प्रकाश वगळून केवळ तांबडा ठेवला, तेव्हा बिचाऱ्याची उडी भक्ष्याच्या अलीकडेच पडू लागली.

हे सारे आम्ही वाचले त्याला एक घरगुती कारण होते. आमच्याकडे १९८४ सालच्या एका मुंजीचे छायाचित्र आहे. बटू स्पष्ट, त्याच्या कपाळावरची अक्षतही दिसावी इतका स्पष्ट. मागे अंगणात तुळशीवृंदावनाशी एक पाच वर्षांचा मुलगा उभा आहे, धूसर. आमच्यापैकी एकीचा हा धाकटा भाऊ. पुढच्याच पावसाळ्यात तो तापाने गेला, आणि त्याचे एवढेच एक छायाचित्र उरले. आई (म्हणजे दुसऱ्याच्या सासूबाई) ते दाखवताना दर वेळी म्हणते, “क्षणभर एका जागी उभा राहील तर शपथ! फोटोतसुद्धा हललाच.”

गेल्या वर्षी भाच्याने ते छायाचित्र फोनवरच्या कुठल्याशा कृत्रिम बुद्धीला देऊन ‘साफ’ करून आणले. टपोरे डोळे, रेखीव भुवया. आईने चष्मा लावून पाहिले आणि विचारले, “हा कोण?” तिचे बरोबरच होते. धूसर होताना जे बारीक तपशील पुरते पुसले गेले, ते परत येत नाहीत. यंत्र त्यांच्या जागी इतर हजारो चेहऱ्यांवरून बेतलेले काहीतरी भरते.

मग आम्ही मूळ प्रत भिंगाखाली धरली. हलण्याने आलेली धूसरता हालचालीच्या दिशेने ओढलेली असते. भिंगाची सगळीकडे सारखी. मुलाच्या सदऱ्याची गुंडी गोल पसरली आहे, ओढली गेलेली नाही. आणि शेजारच्या वृंदावनाच्या उभ्या-आडव्या दोन्ही कडा तेवढ्याच मऊ आहेत. वृंदावन काही हललेले नाही! बटूच्या खांद्याने त्याची एक कड झाकली आहे, म्हणजे ते मागे आहे. मुलाच्या डोक्याचा लहानगा आकारही तेच सांगतो. छिद्र किती उघडले होते याची नोंद नसल्याने मीटरमध्ये अंतर काढता येत नाही. पण तो वृंदावनाइतकाच लांब होता, आणि त्या क्षणी तरी अगदी स्थिर उभा होता.

आईला हे सांगावे की नाही, यावर आमचे एकमत होत नाही. एकाचे म्हणणे, तो फोटोसाठी शहाण्यासारखा उभा राहिला होता हे तिला कळायला हवे. दुसरीचे म्हणणे असे, की हललेला मुलगा तिने चाळीस वर्षे सांभाळला आहे. छायाचित्र तूर्त कपाटात आहे; दिवाळीला ती येईल तेव्हा मागेलच.