विंचवाचं बिऱ्हाड

मराठीत एक म्हण आहे: विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. विंचवाची मादी आपली पिल्लं पाठीवर घेऊन फिरते, त्यावरून ही म्हण आली. बिऱ्हाड म्हणजे घरातली माणसं आणि त्यांचा सगळा संसार: भांडी, अंथरुणं, कपडे, पिठाचे डबे. ज्याची सारखी बदली होते, ज्याला दर दोन-तीन वर्षांनी घर बदलावं लागतं, तो माणूस हसत हसत म्हणतो, "आमचं काय, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" तुमच्यापैकी काही जणांच्या घरातसुद्धा हे वाक्य कधीतरी कानावर पडलं असेल.

मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहते आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. माझं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आहे. शाळा मराठी माध्यमाची. 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नासाठी आम्ही ही म्हण पाठ केली होती. पण पाठीवरचं बिऱ्हाड रोज डोळ्यांसमोर दिसायला लागलं ते इथे, शेजारच्या घरासमोर उभ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीत.

ती गाडी म्हणजे मोटरहोम. सात मीटर लांब आणि जवळजवळ तीन मीटर उंच. तिच्यात माझ्या शेजारणीचे आईवडील राहतात. सुट्टीपुरते नाही, बारा महिने. आजोबा इलेक्ट्रिशियन होते, आजी एका शाळेच्या ऑफिसात होत्या. आयर्लंडमध्ये सरकारी पेन्शन ६६व्या वर्षी सुरू होते. पेन्शन सुरू झाल्यावर दोघांनी कॉर्कमधलं राहतं घर विकलं, काही पैसे मुलीला दिले आणि ही गाडी घेतली. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. आमच्या घरात त्यांना 'गाडीवाले आजी-आजोबा' म्हणतात, तेच आपण म्हणू या.

त्यांचं वर्ष कसं जातं ते सांगते. कॉर्कजवळ रिंगास्किडी नावाचं बंदर आहे. तिथून फ्रान्समधल्या रोस्कॉफला मोठी बोट जाते. हा मार्ग १९७८मध्ये सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये आजी-आजोबा गाडीसकट त्या बोटीत चढतात, साधारण चौदा तासांनी फ्रान्सला उतरतात आणि हळूहळू दक्षिणेला, स्पेन आणि पोर्तुगालच्या उन्हाकडे जातात. वसंतात परत येतात. उन्हाळ्यात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर असतात. तिथे समुद्राच्या कडेकडेने जाणारा २,५०० किलोमीटरचा रस्ता आहे, 'वाइल्ड अटलांटिक वे'. पर्यटनासाठी या रस्त्याला हे नाव २०१४मध्ये दिलं गेलं. त्याचं दक्षिणेकडचं टोक किन्सेल, आमच्या शहरापासून अगदी जवळ.

ऐकायला छान वाटतं ना? पण रोजचं जगणं म्हणजे हिशोब असतो. गाडीच्या टाकीत शंभर लिटर पाणी मावतं. आंघोळ, भांडी, चहा, सगळं त्यात. शौचालयाची पेटी दर दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करावी लागते. ते काम आजोबांचं. वीज छतावरच्या सोलर पॅनलमधून येते आणि आयर्लंडमध्ये ऊन किती पडतं ते विचारू नका! शिवाय इथल्या साध्या कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. त्यामुळे आजींचा नियम आहे: एक वस्तू आत आली की एक बाहेर गेली पाहिजे. नवीन स्वेटर घेतला तर जुना द्यायचा. पुस्तक वाचून झालं की पुढच्या गावात कुणालातरी द्यायचं.

मागच्या उन्हाळ्यात माझे आई-अण्णा इथे आले होते. (मी वडिलांना अण्णा म्हणते.) त्यांना इथे पाहुणे म्हणून एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, तेवढाच व्हिसा मिळतो. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. आता रिटायर झालेत. गाडीवाल्या आजी-आजोबांनी आम्हाला चहाला बोलावलं, तेव्हा अण्णा आधी आत गेलेच नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून टायर बघितले, आरसे बघितले. आजोबांनी बॉनेट उघडून दाखवलं. एकाला इंग्रजी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी. पण दोघांचं दहा मिनिटं व्यवस्थित बोलणं झालं.

आईचे प्रश्न वेगळे होते. मी मधे बसून भाषांतर करत होते.

"देव कुठे ठेवलेत?" आईने विचारलं.

आजींनी ड्रायव्हरच्या सीटवर लटकवलेलं एक छोटं पदक दाखवलं. ते संत ख्रिस्तोफर यांचं होतं. प्रवास करणाऱ्यांचं रक्षण ते करतात, अशी ख्रिश्चन लोकांची श्रद्धा आहे. आईने त्या पदकाला नमस्कार केला. तिचं एक काम झालं.

"पाहुणे आले तर?"

"दोन कप जास्तीचे आहेत. त्याहून जास्त माणसं आली तर बाहेर खुर्च्या मांडतो."

"आणि मुक्कामाला आले तर?"

इथे मी अडखळले. मुक्काम म्हणजे रात्री थांबणं, पण नुसतं तेवढंच नाही. पाहुणा मुक्कामाला आला की अंथरूण घालायचं, गप्पा मारायच्या, सकाळी त्याला तसंच जाऊ द्यायचं नाही. या एका शब्दासाठी मला इंग्रजीत तीन वाक्यं लागली. अण्णांना मात्र तो शब्द ऐकून आपली नोकरी आठवली. गावाकडे 'मुक्कामी एसटी' असते. रात्रीची शेवटची गाडी एखाद्या लांबच्या गावात जाते, तिथेच थांबते आणि पहाटे परत निघते. ड्रायव्हर आणि कंडक्टर गाडीतच झोपतात. अण्णा म्हणाले, "यांना सांग, मी निम्मी नोकरी गाडीत झोपून काढली. कधी एकदा घरी जातोय असं व्हायचं. आणि हे घर विकून गाडीत झोपतात!"

मी ते सांगितलं. आजोबा खूप हसले. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग, तीस वर्षं मी घराचे हप्ते भरले. त्या घरात मी फक्त झोपायला जायचो."

अण्णांनी मान हलवली. हे त्यांना पटलं असावं.

आईचा शेवटचा प्रश्न मला विचारायचा नव्हता, पण तिने विचारायलाच लावला. "आजारी पडल्यावर काय करणार?"

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी सरळ उत्तर दिलं. युरोपमधल्या देशांत अचानक काही झालं तर त्यांच्याकडच्या आरोग्य कार्डावर तिथल्या सरकारी दवाखान्यात उपचार मिळतात. पण त्यांच्या हृदयाची तपासणी कॉर्कमध्येच होते, आणि ती तारीख आली की जिथे असतील तिथून मागे फिरावं लागतं. पत्रं मुलीच्या पत्त्यावर येतात. एवढी मोठी गाडी आजींना चालवायची भीती वाटते. "याला काही झालं, तर त्या दिवशी माझा प्रवास संपला," त्या आजोबांकडे बोट दाखवून म्हणाल्या. "आम्हाला ते माहीत आहे. म्हणूनच आत्ता फिरतोय."

आईने त्यांचा हात हातात घेतला. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

निघताना आजोबांनी एक गोष्ट सांगितली, आणि ती माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. इथे समुद्राजवळच्या पुष्कळ गाडीतळांवर, आत शिरायच्या जागी, लोखंडी आडवा बार लावलेला असतो. साधारण दोन मीटर उंचीवर. कार खालून जाते, मोटरहोम जात नाही. आजोबा म्हणाले, "हे बार आमच्यासारख्यांसाठी लावले नव्हते. ट्रॅव्हलर लोकांना थांबवायला लावले. आम्ही मधे सापडलो."

ट्रॅव्हलर म्हणजे आयर्लंडमधला एक जुना फिरता समाज. पूर्वी हे लोक घोड्याच्या गाड्यांतून गावोगाव जायचे, पत्र्याची भांडी बनवायचे, दुरुस्त करायचे. त्यांची स्वतःची बोली आहे. २०२२च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे ३३ हजार होती. आता बहुतेक जण घरांत राहतात. १९६३मध्ये सरकारच्या एका अहवालाने त्यांचं फिरणं ही एक 'समस्या' मानली. २००२च्या कायद्यानंतर परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत गाडी लावून राहणं हा गुन्हा झाला. तो समाज वेगळा आहे, त्याची संस्कृती वेगळी आहे, हे आयर्लंडच्या सरकारने मान्य केलं १ मार्च २०१७ रोजी. तेव्हा एन्डा केनी पंतप्रधान होते.

आता हे बघा. दोन्ही घरांना चाकं आहेत. एका घराकडे बघून लोक हात हलवतात, मुलं म्हणतात, "वा, किती मस्त!" दुसरं घर आलं की लोखंडी बार येतो. फरक चाकांमध्ये नाही. गाडीवाले आजी-आजोबा कंटाळले तर पुन्हा घर भाड्याने घेऊ शकतात. त्यांच्याकडे पेन्शन आहे, मुलीचा पत्ता आहे. त्यांनी फिरणं निवडलं. शिवाय त्यांना आधी कोणी 'ते लोक' म्हणत नव्हतं.

आपल्या मराठीतही हा फरक शब्दांत लपलेला आहे. 'भटकणं' हे एकच क्रियापद घ्या. सुट्टीत सह्याद्रीतले किल्ले बघायला गेलं की ती 'भटकंती'. हा शब्द आनंदाचा. ट्रेकिंग करणारी मंडळी अभिमानाने स्वतःला 'भटके' म्हणवतात. पण उशिरा घरी आलात तर आई रागावते, "कुठे भटकत होतास?" रस्त्यावरची कुत्री 'भटकी'. आणि महाराष्ट्रात 'भटक्या जमाती' हा सरकारी शब्द आहे. पिढ्यान्‌पिढ्या फिरून पोट भरणाऱ्या समाजांसाठी तो वापरतात.

त्यांच्यापैकी काहींवर तर फार मोठा अन्याय झाला. इंग्रजांनी १८७१मध्ये एक कायदा केला आणि पुढे कित्येक जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ला, त्यांची त्यातून सुटका झाली. म्हणून त्यांना 'विमुक्त' म्हणतात, म्हणजे मोकळे झालेले. आमच्या सातारा जिल्ह्यातले लक्ष्मण माने यांनी कैकाडी समाजातलं आपलं आयुष्य 'उपरा' या पुस्तकात लिहिलं. ते १९८०मध्ये आलं. उपरा म्हणजे बाहेरचा, आपल्यातला नसलेला. मराठी वाचता यायला लागलं की ते पुस्तक तुमच्या यादीत ठेवा. तिथे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर आहे आणि ते कोणी हौसेने तिथे ठेवलेलं नाही.

माझ्या तालुक्यात पाऊस कमी. तिथले मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेकडे निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत फिरतात. घोड्यावर सामान, वर बांधलेल्या कोंबड्या, कधी एखादं लहान कोकरू. शेतकरी त्यांना रात्री आपल्या शेतात मेंढरं बसवायला सांगतात, कारण लेंडीखत मिळतं. त्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. म्हणजे ते उगाच फिरत नाहीत, त्यांचं ते काम आहे. अण्णांच्या एसटीपुढे मेंढरं आली की ते इंजिन बंद करून बसायचे. मागून प्रवासी ओरडायचे, "अहो, हॉर्न वाजवा की!" अण्णा म्हणायचे, "त्यांचं घर चाललंय. जाऊ द्या."

सध्या गाडीवाले आजी-आजोबा पोर्तुगालमध्ये आहेत. रविवारी मी घरी फोन केला की अण्णा आधी विचारतात, "गाडी कुठपर्यंत पोहोचली?" आणि आई मागून विचारते, "बाईंची तपासणी कधी आहे?"

तुम्हीही या आठवड्यात एक प्रश्न विचारा. तुमच्या आजीला, आजोबांना, नाहीतर आईबाबांना. "आपलं बिऱ्हाड आजपर्यंत कुठून कुठे गेलं? त्यातलं कुठलं हलणं तुम्ही स्वतः ठरवलं होतं?" उत्तर मराठीतच मागा. मधे एखादा शब्द अडला तर थांबवून त्याचा अर्थ विचारा. वेळ हातात ठेवून बसा, कारण हे उत्तर दोन मिनिटांत संपणार नाही.