तीन पैशांच्या आधीचा नंदू

मंडळी, आत्माराम भेंडे म्हटलं की माझ्या पिढीला फार्स आठवतो. त्यांचा मुलगा नंदू भेंडे आम्हाला माहीत झाला तो पु.लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'मुळे, म्हणजे १९७८ साली. त्याआधी हा मुलगा मुंबईत चक्क इंग्रजी रॉक गात होता, हे धरणाकाठच्या आमच्या सिद्धेश्वरला कोण सांगणार? पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये तो ज्युडास होता.

परवा नातवाने मोबाइलवर 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' ऐकवलं. हा कीथ कांगांचा बँड, नंदूही काही काळ त्यात गायचा. त्यांची 'ऑब्सेशन ७७' ही रेकॉर्ड आपल्याकडे कोणी विचारली नाही. तेव्हा कंपन्या सिनेमाच्या गाण्यांवर जगायच्या, यांना कोण पुसतो! २०११ साली मात्र 'नाऊ-अगेन' नावाच्या अमेरिकन कंपनीने ती पुन्हा काढली. नंदू २०१४ साली गेला. निदान तेवढं त्याला बघायला मिळालं.

मला शब्द फारसे कळले नाहीत (आमचं बी.ए. मराठीतून!). गिटार मात्र अशी काही गरगरते की पूर्णेच्या पुरात भोवरा बघतोय असं वाटावं. दुसऱ्यांदा लाव म्हटलं, तर नातू माझ्याकडे बघतच राहिला.

त्यालाही गिटार शिकायची आहे आणि घरात त्यावरून अबोला आहे. सूनबाई, तू हे वाचतेसच, म्हणून इथेच लिहितो: बारावी होईल त्याची, पण गिटार मी घेऊन देणार आहे. हिंगोलीत बरी मिळते की नांदेडला जावं लागेल, जाणकारांनी कळवावं.