आमचा डबा मध्य प्रदेशात गेला

पुऱ्या संपल्या, त्याचं मला काही नाही. पण डबा घासूनपुसून परत आणला, हे मी अजून विसरलो नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचं आणि मोठ्या बाबांचं, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाचं, अशी दोन्ही घरं मिळून सालेकसा तालुक्यातल्या हाजरा फॉलला जायचं ठरलं. मे महिन्यात धबधबा! पण करणार काय? तो भरून वाहतो तेव्हा शाळा सुरू आणि धानाची रोवणी ऐन भरात. बांधीतून पाय काढायला कोणाला सवड असते? धानवाल्या मुलखात धबधबा आणि माणसाची सुट्टी यांचं कधी जमलंच नाही.

सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा. डबा, सुराही आणि पत्त्यांचा कॅट मोठ्या बाबांकडे. सतरंजी, टॉवेल आणि आंघोळीचा साबण आमच्याकडे. दरेकसा आलं तसे आम्ही चौघं उतरलो. मोठे बाबा जागचे हलेनात. "बोगदा आल्याबिगर दरेकसा येतच नाही," हे त्यांचं ठाम मत. बाबा फलाटावरून ओरडताहेत, मोठी आई आतून "अहो, पाटी तर वाचा" म्हणतेय, आणि मोठे बाबा हातातली पानं लावताहेत. गाडी सुटली. बोगदा आला, पण दरेकशानंतर. पुढचं स्टेशन बोरतलाव. तिथं उतरून काय करायचं, म्हणून ते सगळे सरळ डोंगरगडला गेले. म्हणजे माझ्या तिखट पुऱ्या आणि आलूची भाजी दुसऱ्या राज्यात गेली. छत्तीसगड व्हायचं होतं, तेव्हा तो मध्य प्रदेशच.

इकडे आम्ही तापलेल्या वाटेनं धबधब्याशी पोचलो. काळा खडक, त्यावरून ओघळणारी करंगळीएवढी धार आणि खाली डबकं. आईनं साबण काढला, बघितला, परत ठेवला. तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या एका बाईनं आम्हा भावंडांच्या ओंजळीत चारं आणि टेंभरं घातली. तेच जेवण.

संध्याकाळच्या गाडीला खिडकीतून हात हलवत मोठे बाबा आले. कपाळाला टिळा, हातात डोंगरगडच्या बम्लेश्वरी देवीचा प्रसाद. हजारावर पायऱ्या चढले म्हणे, मग भूक लागणारच. डबा उघडला तर आत लख्ख. एक पुरी नाही, लोणच्याची फोड नाही, तेलाचा डागसुद्धा नाही. "उन्हानं खराब झालं असतं गा," मोठे बाबा म्हणाले. भाजी खराब होईल, मान्य. पण तिखट पुरी दोन दिवस टिकते, हे कोणत्याही बाईला विचारा. आणि खराब होणारच होतं, तर चौघांच्या वाटचं खाताना त्यांच्या पोटाला कसं काही झालं नाही? बाबांनी मोठ्या भावापुढं तोंड उघडलं नाही. आमच्याकडे मोठेपणाला फार मान देतात. जरा जास्तच, असं माझं मत आहे. आई मात्र घरी आल्यावर म्हणाली, "डबा माझ्याकडे असता तर मीही तेच केलं असतं." यावर काय बोलणार!

नंतर प्रत्येक लग्नात हा किस्सा निघायचा, आणि त्यात वेंधळे आम्ही ठरायचो, "घाईघाईनं उतरून गेलेले." मी चिडायचो. गंमत म्हणजे पोरांना सांगताना आता मीही मोठ्या बाबांचीच बाजू रंगवतो. त्यांच्याकडे बोगदा होता, डोंगर होता, देवी होती. आमच्याकडे नुसता साबण.

हाजराला जायचं असेल तर पावसाळ्यात जा, रोवणी आटोपल्यावर. आणि डबा ज्याच्या त्याच्या हातात द्या.