आमच्या बांधावरची रात्र

मार्गशीर्ष लागला कीं आमच्या चोपड्याकडील हवा एकाएकीं पालटते. दिवसा ऊन अंगाला गोड वाटावें आणि रात्रीं सातपुड्यावरून उतरणाऱ्या वाऱ्यानें दांत वाजावे, असा हा काळ. आमचें वडिलोपार्जित शेत अडावदच्या बाजूस, डोंगराच्या पायथ्याशीं आहे. शेताच्या उत्तर बांधाला लागून नाला वाहतो आणि नाल्यापलीकडे सालई, अंजन व साग ह्यांचें विरळ रान सुरू होतें. तें रान पुढें दाट होत सातपुड्यांत शिरतें. त्याच रांगेंत पूर्वेकडे १९६९ सालीं घोषित झालेलें यावलचें अभयारण्य आहे. आमचा बांध ही आमच्या मतें सीमा खरी. पण रानांतल्या जनावरांनीं ती कधीं मान्य केलेली नाहीं.

गेलीं दोन वर्षें तर फारच जाच होऊं लागला. रब्बीचा मका दुधांत आला कीं रानडुकरांचे कळप रात्रीं येत, ताटें आडवीं करीत आणि खात त्याहून अधिक तुडवीत. सालदार माळ्यावर बसून डबा वाजवी. परंतु माणूस आहे, पहाटे डुलकी लागायचीच. आमचे वडील बंधू, ज्यांना घरांत सर्वजण दादा म्हणतात, ते एरव्हीं शांत स्वभावाचे; शेताच्या बाबतींत मात्र कडक. कार्तिकांत एके दिवशीं ते बाजारांतून उघड्या तारेचें भेंडोळें घेऊन आले आणि गोठ्यांतल्या खुंटीला अडकवून म्हणाले, "ह्या वर्षीं नाल्याकडच्या फटीवर ही ओढायची आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पेटींतून रात्रीं वीज सोडायची. एक डुक्कर पडलें कीं बाकीचीं शहाणीं होतील."

मीं म्हटलें, "दादा, हा गुन्हा आहे."

ते म्हणाले, "तूं जन्मभर मुलांना नियम शिकवलेस. डुकरांना कोण शिकवणार?"

मक्याची नासाडी माझ्याहि डोळ्यांपुढें होती. त्यामुळें मी गप्प बसलों.

दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला, तो एक लहानशी हिरवट पेटी घेऊन. झाडाला पट्ट्यानें बांधून ठेवावयाचा हा कॅमेरा. त्यापुढून कांहीं सजीव गेलें कीं आपोआप चित्र घेतो. पुतण्या म्हणाला, "दादा, तार ओढण्याआधीं त्या फटींतून कोण कोण येतें तें तरी पाहूं. मका दुधांत यायला पौष उजाडेल, तोंवर थांबा." वहिनींनीं विचारलें, "रात्रीं जनावरांचे फोटो काढून त्यांचीं लग्नें जुळवायचीं आहेत का?" सगळे हंसले, आणि त्या हंसण्यांत दादांनींहि होकार दिला.

ही कल्पना नवी आहे असें मला वाटत होतें. पण शोध घेतां ती शंभर वर्षांहून जुनी निघाली. अमेरिकेंत जॉर्ज शिरास ह्या गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रानांत दोरी ताणून ठेवली. तिला हरणाचा पाय लागला कीं प्रकाशाचा भडका होऊन हरीण आपलेंच चित्र काढून घेई. त्याचीं तीं चित्रें १९०६ सालीं प्रसिद्ध झालीं. आपल्या देशांत संयुक्त प्रांताच्या वनखात्यांतील चॅम्पियन ह्या अधिकाऱ्यानें ह्याच युक्तीनें वाघांचीं रात्रींचीं चित्रें घेतलीं व १९२७ सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला. ज्या काळीं वाघ मारून त्यावर पाय ठेवून उभें राहणें हें भूषण होतें, त्या काळीं हा मनुष्य बंदूक ठेवून कॅमेरा उचलीत होता. पुढें कर्नाटकांतील नागरहोळे येथें उल्हास कारंत ह्यांनीं वाघाच्या अंगावरील पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून त्यांची संख्या काढण्याची रीत बसविली. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणें प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, आणि त्यांतहि डाव्या कुशीचे व उजव्या कुशीचे सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोहों बाजूंस एकेक कॅमेरा लावावा लागतो. २०१८-१९ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेंत २६ हजारांहून अधिक ठिकाणीं असे कॅमेरे लाविले होते. त्यांत साडेतीन कोटींच्या आसपास चित्रें आलीं आणि त्यांतलीं वाघांचीं होतीं सुमारें ७६ हजार. म्हणजे साडेचारशें चित्रें चाळावीं तेव्हां एकांत वाघ दिसावा! शाळेंत पेपर तपासणाऱ्या माणसाला हें प्रमाण मुळींच अपरिचित नाहीं.

आम्हांला वाघाची अपेक्षा नव्हती. तरी पेटी बांधण्याचा सोहळा सर्व घरानें केला. पुतण्यानें ती फटीजवळच्या पळसाला गुडघाभर उंचीवर बांधली. तोंड उत्तरेकडे, म्हणजे सूर्य समोर येऊं नये. आमचा सालदार ती निरखून म्हणाला, "गुरुजी, हाऊ कॅमेरा रातले झोपस का नही?" मीं त्याला सांगितलें कीं हा झोंपत नाहीं, पण हा खऱ्या अर्थानें पाहतहि नाहीं, ह्याला ऊब कळते. भोंवतालच्या हवेहून निराळ्या उष्णतेचें कांहीं समोरून हललें कीं हा जागा होतो. म्हणून हिंवाळा ह्याला मानवतो. आमच्याकडे वैशाखांत हवा अंगाइतकीच किंवा अधिक तापते, तेव्हां हवा कोणती आणि जनावर कोणतें हें ह्या बिचाऱ्याला धड उमगत नाहीं. थंडींत मात्र सशाचें एवढेंसें अंगहि त्याला निखाऱ्यासारखें जाणवतें.

पुतण्या पुण्याला गेल्यावर हें काम दादांच्या नातवाकडे आलें. तो नववींत आहे. दर रविवारीं आम्ही दोघे शेतावर जाऊन कार्ड काढून आणूं आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत सगळे चित्रें पाहावयास बसूं. पहिल्या आठवड्यांत तीनशेंहून अधिक चित्रें आलीं, सर्वांत गवत! दुपारच्या उन्हांत तापलेलें गवत वाऱ्यानें हलत होतें आणि पेटी त्याला जनावर समजत होती. वहिनी म्हणाल्या, "ह्यापेक्षां आमचे लग्नांतले फोटो बरे." दुसऱ्या रविवारीं आम्ही विळ्यानें समोरचें गवत कापून काढलें.

त्यानंतर मात्र रात्र आमच्यापुढें उलगडूं लागली. रात्रींचीं चित्रें कृष्णधवल असतात. जनावराचे डोळे पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात आणि खालीं तारीख, वेळ, थंडी व चंद्राची कला छापलेली असते. मी पंचांगाशीं कला ताडून पाही. यंत्र चुकत नसे. प्रथम ससा आला, मग उदमांजर, मग मागच्या केसाळ काट्यांचा डोलारा सांवरीत साळिंदर. मूळाशीं कुरतडलेलीं ताटें इतके दिवस डुकरांच्या नांवावर मांडलीं जात होतीं. निम्मा गुन्हा ह्या गृहस्थाचा निघाला. नातवाला मीं सांगितलें कीं अमरकोशांत ह्याला श्वावित् म्हटलें आहे, आणि तरसाला मृगादन. त्यानें विचारलें, "लहान आजोबा, तुमच्या त्या कोशवाल्यानें तरस पाहिला होता का?" मीं पाहिला नव्हता, एवढें मला ठाऊक होतें. साठ वर्षें डोंगराच्या पायथ्याशीं राहून तरक्षु हा शब्द मीं वर्गांत कितीदां फळ्यावर लिहिला. आणि पुढून उंच, मागून उतरता, मानेवर आयाळ असा तो प्रत्यक्ष पाहिला तो माजघरांत बसून. माझ्याच बांधावरून तो रात्रीं अकराच्या सुमारास डोकें खालीं घालून, कुणाचें कांहीं न घेतां, निघून गेला होता.

न दिसणें म्हणजे नसणें नव्हे, हें आमच्या सातपुड्यानें मोठमोठ्या पंडितांनाहि शिकविलें आहे. रानपिंगळा हा लहानसा घुबडाच्या जातीचा पक्षी १८८४ नंतर कुणास खात्रीनें आढळला नव्हता. तो नष्ट झाला असेंच पुष्कळांनीं धरलें होतें. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं, असाच हिंवाळा तोंडावर असतांना, पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी ह्यांना तो तेव्हांच्या धुळें जिल्ह्यांतील शहाद्याजवळ दिसला. बरें, हा पिंगळा दिवसां उजेडांत वावरणारा! शंभरांहून अधिक वर्षें तो आपल्या झाडावर बसलेलाच होता; पाहणारा तेथें गेला नव्हता, इतकेंच.

रानडुकरेंहि आलीं. रात्रीं दोनच्या पुढें एक मादी आणि मागोमाग सहा पिलें त्याच फटींतून आंत शिरलीं. दादांनीं तें चित्र पुष्कळ वेळ पाहिलें व म्हणाले, "झालें. जागा ठरली. पुढच्या आठवड्यांत शेतीची वीज रात्रींची आहे, तार ओढूं." पुढचीं चित्रें नातू सरकवीत होता. कोल्हा, पुन्हां ससा, आणि मग तो थांबला.

पहाटेचे ४ वाजून ३८ मिनिटें. थंडी ९ अंश. फटींतून वाकून आंत येणारी एक बाई, डोक्यावर सरपणाची मोळी, पाय अनवाणी. तिच्या मागें दहा-अकरा वर्षांची एक मुलगी, तिच्याहि डोक्यावर लहान मोळी. आणि तिचा एक हात फटीच्या कडेच्या बोरीला धरलेला, अगदीं तेथेंच, जेथें तार येणार होती.

नातवानें पुढचीं पाहिलीं. ती बाई दुसऱ्या दिवशींहि होती, चौथ्या दिवशींहि होती. रानांतून पाड्याकडे जाण्याची ती तिची जवळची वाट होती आणि उजाडण्यापूर्वीं कुणाच्या दृष्टीस न पडतां ती आमच्या शेतांतून पार होत होती.

माजघरांत कोणी बोललें नाहीं. मुलीला आम्ही कोणी ओळखीत नव्हतों. माझ्या मनांत मात्र आलें कीं ही साडेदहाला कोठल्या तरी शाळेंत बाकावर बसत असेल, गुरुजी तिला झोंप येते म्हणून रागावत असतील. तसे रागावणाऱ्यांत मीहि होतों. दादा उठले आणि कांहीं न बोलतां अंगणांत जाऊन बसले. थोड्या वेळानें मी त्यांच्याजवळ गेलों. ते म्हणाले, "मीं डुकराचा विचार केला होता रे. फट कुणाला ओळखत नाहीं, हें ध्यानांत आलें नाहीं."

शाकुंतलाचा पहिला अंक मीं अनेकदां शिकविला आहे. राजा हरणावर बाण रोखतो आणि तपस्वी हात वर करून त्याला थांबवितो. त्या रात्रीं मला उमगलें कीं त्यांत राजाचें मोठेपण आहे तें थांबण्यांत, आणि तपस्व्याचें वेळेवर येण्यांत. आमच्या घरीं तपस्वी कोणी आला नाहीं. मी तर कायदा एकदां सांगून गप्प बसलों होतों. वेळेवर आली ती एक पेटी, आणि तीहि दुसऱ्याच कामासाठीं आलेली.

परंतु एवढ्यानें मन निर्धास्त झालें नाहीं. त्या बाईचें चित्र आम्हीं तिला न विचारतां घेतलें होतें. घरांतल्या आठ माणसांनीं तें पाहिलें होतें. तिच्या चालण्यांत जो एकांत होता तो आमच्या मालकीचा नव्हता. ही केवळ माझ्या मनाची हळवेपणाची कल्पना नव्हे. कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरांतील स्त्रियांविषयीं केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. तेथील बायका रानांत सरपण-गवताला जातांना मोठ्यानें बोलतात, गाणीं म्हणतात. त्यांत मोकळेपणा असतो आणि जनावरहि दूर राहतें. कॅमेरे आल्यापासून, आपणांस कोणी पाहतें आहे ह्या धाकानें, त्या गप्प राहूं लागल्या, आणि त्या गप्प राहण्यानेंच जनावराशीं गांठ पडण्याचें भय वाढलें. तपस्व्याच्या हातीं जी पेटी शोभते तीच पहारेकऱ्याच्या हातीं निराळी होते.

नातवाकडून मीं तीं चित्रें पुसून घेतलीं आणि दुसऱ्या दिवशीं पेटी त्या वाटेवरून काढून नाल्याच्या खालच्या वळणावर, जेथें माणसाची वाट नाहीं, तेथें बांधली. नातू म्हणाला, "पण पुरावा गेला." मीं विचारलें, "कशाचा?" त्याला उत्तर सुचलें नाहीं, आणि मला त्याचें समाधान वाटलें.

पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे, नाहींतर ही कथा उगाच गोड होईल. डुकरें पौषांत आलीं आणि मक्याच्या बऱ्याच ओळी गेल्या. दादांनीं वनविभागाकडे पीकनुकसानीचा अर्ज केला, पंचनामा झाला. आतां ते सौर कुंपणाची चौकशी करीत आहेत. त्याचा झटका क्षणाक्षणानें येतो, जनावर दचकून मागें फिरतें, जिवानिशीं जात नाहीं. खर्च बराच आहे, म्हणून घरांत अजून एकमत नाहीं. तारेचें भेंडोळें गोठ्यांत खुंटीला तसेंच आहे. तें टाकून द्यावें असें मीं एकदां सुचविलें, दादा म्हणाले, "राहूं दे. माझ्या डोळ्यांसमोर असलेलें बरें."

संक्रांतीनंतर वहिनी शेतावर गेल्या असतां ती बाई त्यांना नाल्याजवळ दिसली. वहिनींनीं तिला तिळगूळ दिला आणि म्हणाल्या, "बाई, त्या फटींतून वाकून कशाला येतेस? बोरीचे कांटे लागतात. फाटकांतून ये." चित्राविषयीं त्या कांहीं बोलल्या नाहींत. त्या दिवसापासून सालदारास सांगून ठेवलें आहे कीं रात्रीं फाटकाला कडी घालावी, कुलूप घालूं नये.