थोरलीची मुलाखत

आम्ही दोघंही शिक्षक. त्यामुळे थोरल्या लेकीला मार्केटिंग अ‍ॅनालिस्टच्या नोकरीसाठी पहिल्यांदा बोलावणं आलं, तेव्हा दहावीच्या मुलांची करून घेतो तशीच तिचीही तयारी आम्ही करून घेतली. वही आखली. चाळीस प्रश्न, चाळीस उत्तरं. फजरनंतर एकदा उजळणी, इशानंतर एकदा. स्कार्फवरून कुणी काही बोलेल का, ही चिंता वेगळीच. त्याबद्दल शेवटपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. अडलं ते दुसरीकडेच.

व्याख्या त्यांनी विचारल्याच नाहीत. एक कागद पुढे ठेवला. दोन जाहिराती, दोन्ही दहा-दहा हजार लोकांना दाखवलेल्या. पहिलीवर ३०० जणांनी क्लिक केलं, १२ जणांनी वस्तू घेतली. दुसरीवर क्लिक १५०, खरेदी १५. पुढचा पैसा कशावर लावाल? लेकीने वहीतलं उत्तर दिलं : क्लिक जास्त ती जाहिरात चांगली. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि एका क्लिकला दहा रुपये पडत असतील तर?" ती गप्प झाली.

ते उत्तर वहीत आमच्याच अक्षरात होतं.

रात्री तिचे मामू आले. रमजानमध्ये ते कोंढव्यात कौसरबागेजवळ खजुराची गाडी लावतात. ऐकून हसले. "बेटा, भाव विचारायला शंभर येतात. मी गिऱ्हाईक म्हणतो ते पिशवी घेऊन जाणाऱ्याला." तिने लगेच कागद ओढला. पहिल्या जाहिरातीचे तीन हजार, गिऱ्हाईकं बारा. एक गिऱ्हाईक अडीचशेला पडलं. दुसरीचे दीड हजार, गिऱ्हाईकं पंधरा, एक शंभरला. मग स्वतःच थांबली. "पण अब्बा, बारा आणि पंधरा हे आकडे फार लहान आहेत. निकाल देण्याआधी दोन्ही आणखी काही दिवस चालवून बघाव्या लागतील." हे आमच्या चाळीस उत्तरांत कुठेच नव्हतं.

बायोडेटातही गडबड होती. एसक्यूएल येतं असं तिने लिहिलं होतं, आणि येत होतं ते दोन दिवसांच्या व्हिडिओपुरतं. ती ओळ खोडायला लावली. नंतर महिनाभर बसून दोन तक्ते जोडणं, गटवार बेरजा काढणं ती शिकली, तेव्हा पुन्हा लिहिली. एक्सेलची फाइल देऊन अर्ध्या-पाऊण तासात "यातून काय दिसतं ते सांगा" असंही म्हणतात. पिव्हट टेबल करता आलं म्हणजे झालं असं नाही. दुकानदाराला समजेल अशा दोन वाक्यांत ते सांगता आलं पाहिजे. यात मात्र आमचा उपयोग झाला. सातवीच्या वर्गात दुसरं काय करतो आम्ही?

दुसरी मुलाखत खराडीत होती. नगर रस्त्याचा भरवसा नाही, म्हणून दीड तास आधी निघाली. केसनंद फाट्यावरच पाऊण तास गेला. तिथे विचारलं, "तुम्ही वाघोलीच्या ना? मग सांगा, वाघोलीत रोज दुधाच्या किती पिशव्या खपत असतील?" आधीची वही असती तर तिने एखादा आकडा ठोकून दिला असता. तिने उलट विचारलं, "गावठाणच धरायचं की नव्या सोसायट्याही?" २०११ च्या जनगणनेचा आकडा जुना झाला, त्यानंतर इमारती किती उठल्या, २०२१ मध्ये गाव महापालिकेत गेलं, त्यामुळे आधी घरांचा अंदाज, मग घरटी पिशव्या, मग हॉटेलं आणि चहाच्या टपऱ्या, असं बोलत बोलत ती मांडत गेली. घरी आल्यावर म्हणाली, "अम्मी, शेवटचा आकडा त्यांनी लिहूनसुद्धा घेतला नाही."

मंगळवारी तिसऱ्या फेरीला बोलावलं आहे. या वेळी आम्ही वही काढली नाही. रिक्षावाल्याला तेवढं सांगून ठेवलं आहे, सकाळी सातला.