गच्चीवरचा भूगोल

तिसरीच्या भूगोलाच्या पुस्तकात तेव्हा फक्त आपला जिल्हा असायचा. आमच्या अकोल्याच्या घरातली आठही चुलत भावंडं एकापाठोपाठ एक त्याच पुस्तकावर शिकली. कव्हर केव्हाच गेलेलं, नकाशातल्या तालुक्यांना खडूचे रंग फासलेले. त्या नकाशात वाशीम, रिसोड, कारंजा, सगळं आपलंच होतं.

खरी परीक्षा मात्र मे महिन्यात गच्चीवर. पारा 45 च्या आसपास, म्हणून दिवे लागताना बादल्या ओतून गच्ची थंड करायची आणि घरच्या कापसाच्या गाद्या टाकायच्या. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आडवे झाले की सुरू.

"सांगा रे पोट्टेहो, क्विंटलभर कापसातून रुई किती निघते?"

हे सगळ्यांना यायचं. जेमतेम तिसरा हिस्सा, बाकी सरकी. दिवाळीनंतर जिनिंगसमोर बंड्यांच्या रांगेत, कापसावरच रात्र काढलेली पोरं आम्ही.

"1803 मधी इंग्रज आपल्या इथं कुठी जिंकले?" तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला. वेलस्लीनं तिथं भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. आमच्यातला एक दरवर्षी इमानानं पानिपत सांगायचा.

"पूर्णेचं पानी कुठी जाते?" तापीत, तिथून सुरतेपुढं अरबी समुद्रात. "अन् वाशीमकडचं?" इथं सगळे गप्प. तिकडचं बरंचसं पैनगंगेला, मग वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी करत थेट बंगालच्या उपसागरात. एका जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना! पुस्तकात हे असलंच तर आमच्या नजरेतून सुटलं होतं.

पूर्णेचं नाव निघालं की मोठी आई मधे बोलायची. तिचं माहेर खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलढाणा असा पसरलेला हा पट्टा. विहिरीला पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ते पाणी पिकाला दिलं तर काळी जमीनच खराब होते. म्हणून सगळं पावसावर: कापूस, तूर आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा. माहेराहून परत आली की ती आधी दोन तांबे पाणी प्यायची. आम्ही हसायचो. खारपाण हा शब्द पुस्तकात होता, पण समजला तो तिच्या तांब्यामुळे.

मग रात्री खंडव्याच्या मीटरगेज गाडीची शिट्टी यायची. ती मेळघाटात धूळघाटाजवळ गोल वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांना वरून ओलांडून जायची, हे मोठे बाबा दरवेळी नव्यानं सांगायचे. तोवर निम्मे झोपलेले.

1 जुलै 1998 ला वाशीम वेगळा जिल्हा झाला. पावसामुळे गच्ची बंद होती. मोठ्या बाबांनी ओसरीत ते फाटकं पुस्तक मागून घेतलं, नकाशाच्या खालच्या भागातून पेनानं रेघ मारली आणि म्हणाले, "घ्या, आता एकच समुद्र रायला."