तेका बोलूक देवा

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार

‘दशावतार’ बघून आलो, तिघी. सासूबाईंचं माहेर कुडाळकडचं, त्यामुळे जाहिरात दिसल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. गुडघे, बीपी, पितृपक्ष, सगळं बाजूला पडलं.

दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे आहेत. रंगवलेल्या तोंडाने हा माणूस रानातून फिरतो आणि ‘या वयात काय काम केलंय’ असं आपल्या मनातही येत नाही, एवढा तो बाबुली मेस्त्री होऊन गेलेला असतो. नजर अधू होत चाललीय, मुलगा सांगतोय आता पुरे, आणि याचा पाय काही रंगमंचावरून निघत नाही. हा पहिला भाग मला फार आवडला. पुढे खाण, कंपनी, सूड वगैरे सुरू झालं तसा सिनेमा मोठा होत गेला आणि मला लहान वाटत गेला. लेकीला मात्र तोच भाग आवडला. “आई, तुला काही घडायला लागलं की कंटाळा येतो,” म्हणाली.

पण दिवसाचं परीक्षण सासूबाईंचं. एका प्रसंगात प्रभावळकर हळू आवाजात काहीतरी म्हणत होते आणि मागून अख्खा वाद्यवृंद अंगावर आला. सासूबाई थिएटरात सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, “तेका जरा बोलूक देवा मरे!” पुढच्या रांगेतलं एक जोडपं मागे वळून हसलं.

घरी आल्यावर भाताला फोडणी देईपर्यंत त्यांचं दशावतारावर व्याख्यान चालू होतं. देवळासमोर जत्रेच्या रात्री खेळ उभा राहायचा. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. राजा बसला की सिंहासन, तो उठला की परत बाकडं. साथीला पायपेटी, पखवाज, झांज. लिहिलेली संहिता नाही. कथा ठरलेली, बोलणं ज्याचं त्याने जागेवर रचायचं. एखादा राजा रंगात आला की अर्धा तास बोलत राहायचा आणि पेटीवाला बोटं उचलून ऐकत बसायचा. पहाटे दहीकाला झाला की लोक घरी. “पेटयेवाल्याक कळता खंय थांबूचा ता,” हे त्यांचं शेवटचं वाक्य, आणि मग बीपीची गोळी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’. १९८८चा सिनेमा, म्हणजे लेक जन्मायच्या कितीतरी आधीचा. तरी सरपोतदारांच्या सत्तर रुपयांचा प्रसंग आला की ती स्वयंपाकघरातून पळत येते. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून हा घेतलाय हे सांगितलं की कोणालाच आवडत नाही, म्हणून मी हल्ली सांगत नाही. या वेळी लक्ष गेलं ते सुधीर जोशींकडे. अशोक सराफ आणि लक्ष्या टाळ्या घेऊन जातात, पण सरपोतदार चिडतो तो खरंच चिडतो. विनोद करतोय असं त्याच्या चेहऱ्यावर कुठे दिसत नाही. त्याच्यामुळे बाकीच्यांची धमाल चालते.

मध्ये जाहिराती इतक्या, की धनंजय माने दारात उभे असताना मी कपडे वाळत घालून आले.

२० सप्टेंबर, शनिवार

‘साबर बोंडं’ काल लागला. इतक्या लवकर गेले, कारण दुसऱ्या आठवड्यात तो असेल याची मला खात्री नाही. खेळ दुपारचा, कामावर जाणाऱ्या माणसाला मुळीच न जमणारा. छोट्या मराठी सिनेमाला नेहमी हीच वेळ मिळते, आणि मग प्रेक्षक येत नाहीत म्हणून पुढच्या शुक्रवारी तो खाली उतरतो. आज बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. त्यातले एक काका मध्यंतरानंतर परत आले नाहीत.

रोहन कानवडे यांचा हा सिनेमा. जानेवारीत सनडान्स महोत्सवात परदेशी कथाचित्रांच्या विभागात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. आनंद मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करतो. वडील जातात. दहा दिवसांच्या सुतकासाठी तो आईबरोबर गावी येतो. तिथे नातेवाइकांचा पहारा : हे खाऊ नको, तिथे बसू नको आणि लग्नाचं काय ते सांग. गावात बालपणीचा मित्र बाळ्या आहे, शेळ्या राखणारा. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे.

असं लिहिलं की वाटतं, आता वादळ होणार, आई छाती बडवणार, भाऊबंद काठ्या घेऊन येणार. काहीही होत नाही. आईला सगळं ठाऊक आहे. जयश्री जगताप यांनी ही आई केलीय आणि त्या वर्षभरातल्या कुठल्याही अभिनेत्रीच्या पुढे आहेत, असं मी आजच लिहून ठेवते. मुलाला त्या ‘मला कळतंय’ असं कधी म्हणत नाहीत. त्याच्या बाजूने नातेवाइकांशी खोटं मात्र सराईतपणे बोलतात, आणि त्या खोटं बोलण्यात जी माया आहे ती मोठमोठ्या संवादांत सापडत नाही.

कॅमेरा एका जागी ठेवलेला. माणसं चौकटीत येतात, बसतात, चहा पितात, उठून जातात. पार्श्वसंगीत नाही. कोंबडी, शेळ्या, लांबून मोटारसायकल, भांडी. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं झालं, कारण रडायचं कधी ते सांगायला कोणी नव्हतं. मग बाळ्या काटे काढलेली साबराची फळं आनंदच्या हातात देतो, ती लालजर्द, आणि तिथे बाजूच्या खुर्चीतली एक बाई नाक ओढायला लागली. मीही.

लेक कंपन्यांसाठी छोटे व्हिडिओ संकलित करते. रात्री तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “आम्ही दोन सेकंद शांतता ठेवली ना, तर क्लायंटचा लगेच मेसेज येतो, ऑडिओ गेलाय का?”

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. खीर, वडे, भेंडी, आमसुलाची चटणी. कावळा लवकर आला. सासूबाईंना कालच्या सिनेमाची गोष्ट सांगू की नको असं करत सांगितली. त्या वडे थापत ऐकत होत्या. म्हणाल्या, “आणि त्या बापाला माहीत होतं?” होतं, म्हटलं. “मग बरं.” पुढचा वडा तेलात.

२४ सप्टेंबर, बुधवार

घट बसले, दोन दिवस गडबड होती. आज दुपारी सासूबाईंना ‘कुंकू’ लावून दिला, यूट्यूबवरून टीव्हीवर, आणि मी सोबत बसले ती उठलेच नाही.

१९३७. प्रभातचा. व्ही. शांताराम. अनाथ नीराचं मामा फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून देतो, आणि ही मुलगी लग्न मान्य करायलाच नकार देते. नवऱ्याला अंगाला हात लावू देत नाही. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीचं नावच ‘न पटणारी गोष्ट’ होतं.

या सिनेमात पार्श्वसंगीत नाही, हे पूर्वी कुठेतरी वाचलं होतं. पण ‘साबर बोंडं’ डोक्यात ताजा असताना आज ते पहिल्यांदा कानांनी कळलं. घड्याळाची टिकटिक, दाराची कडी, पावलं, भांडी. गाणी आहेत, पण त्यांचीही साथ पडद्यावर जे असेल त्याचीच. मधे ८८ वर्षं गेली आणि एका माणसाला परत तेच करावंसं वाटलं. शांताराम पुढे ‘नवरंग’पर्यंत गेले तेव्हा पडद्यावर आणि पडद्यामागे कुठे म्हणून जागा रिकामी सोडायची नाही असं त्यांनी ठरवलं असावं. मला ‘कुंकू’चे शांताराम हवेत. ‘पिंजरा’चे चालतील. मधले ज्यांना हवेत त्यांनी घ्यावेत.

केशवराव दाते तो वकील, म्हणजे काकासाहेब, झालेत. ही भूमिका नुसती खलनायकी करून सोडता आली असती. दाते तसं करत नाहीत. आरशासमोर उभं राहून तरुण दिसायची त्यांची धडपड आधी हसवते, मग किळस आणते, आणि शेवटाकडे या माणसाची कणव येते. तीही आपल्या मनाविरुद्ध. त्याचा न्याय शेवटी तोच करतो.

नीरा झालेल्या शांता आपटे बोलतात त्यात ‘बिचारी’चा सूर एकदाही लागत नाही. या बाईंनी पुढे १९३९ मध्ये कराराच्या वादावरून प्रभातच्या फाटकाशी उपोषण मांडलं होतं. तीच जागा आज फिल्म इन्स्टिट्यूटची आहे, लॉ कॉलेज रोडवर. तिथून जाताना मला शांतारामांच्या आधी त्या आठवतात.

आणि काकासाहेबांच्या विधवा मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे! रँग्लर परांजप्यांची मुलगी, सई परांजप्यांची आई आणि संततिनियमनाच्या प्रचारात आयुष्य घालवलेली बाई. नीराला ‘तुझं बरोबर आहे’ हे सांगायला पडद्यावर दुसरी कोण शोभली असती?

सासूबाई शेवटी काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना मधेच, “माझी आत्या अशीच दिलेली. तिने नाही म्हटलं नाही.” आम्ही कोणी पुढे विचारलं नाही, आणि त्यांनी ताक मागितलं.

२८ सप्टेंबर, रविवार

आज लेकीची पाळी. तिने ‘कोर्ट’ लावला, चैतन्य ताम्हाणेंचा. मी तो आला तेव्हा थिएटरात पाहिला होता. व्हेनिसमध्ये एका विभागात आणि मग राष्ट्रीय पुरस्कारांत पहिला आलेला म्हणून लोक गेले आणि अर्धे ‘काय ते, नुसतं बघत बसायचं’ म्हणत परतले.

गटार साफ करणारा एक कामगार मरतो. शाहीर नारायण कांबळेंच्या गाण्याने त्याला आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा खटला. एवढ्या हास्यास्पद आरोपावर कोणीही पडद्यावर हसत नाही. तारीख पडते. साक्षीदार येत नाही, पुन्हा तारीख. एका बाईचं प्रकरण न्यायाधीश ऐकतच नाहीत, कारण तिने बिनबाह्यांचा पोशाख घातलाय.

या वेळी मी गीतांजली कुलकर्णींना बघत होते. सरकारी वकील. कोर्टात कलमं वाचून दाखवताना ही बाई एका माणसाचं आयुष्य संपवू शकते, आणि संध्याकाळी लोकलने घरी जाऊन पोळ्या लाटते, रविवारी मुलांना घेऊन नाटकाला जाते. तिथे परप्रांतीयांवरच्या विनोदाला सगळं प्रेक्षागृह हसतं. ताम्हाणे तिला वाईट ठरवत नाहीत. तिच्या जागी बसलेल्या आपल्याला मात्र अस्वस्थ करून सोडतात. तसं नाटक मीही बघितलंय आणि हसलेही असेन.

शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार खरेच चळवळीतले, नागपूरचे. २०२१ मध्ये करोनाने गेले. अभिनय करतोय असं त्यांच्याकडे बघून वाटत नाही, आणि ज्यांना अभिनय दिसला तरच पैसे वसूल वाटतात त्यांनी या वाटेला जाऊ नये.

कोर्टाला सुट्टी लागते तेव्हा एकेक दिवा बंद होतो, पडदा काळा होतो. लेक म्हणाली, “इथे संपवायला हवा होता.” त्यानंतर न्यायाधीश सहलीला गेल्याचा भाग आहे, डुलकी लागलेली असते, पोरं ओरडून उठवतात आणि ते एकाला थोबाडीत मारतात. मला तोच भाग हवा. दिव्यांवर संपला असता तर सिनेमा देखणा झाला असता. थोबाडीमुळे तो खरा झाला. यावर आम्ही अकरा वाजेपर्यंत भांडलो.

३० सप्टेंबर, मंगळवार

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’, अर्धा काल, अर्धा आज. पायल कपाडियांचा, कानमध्ये गेल्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळालेला. मुंबईतल्या मल्याळी नर्सेसची गोष्ट, बरीचशी मल्याळममध्ये. त्यातल्या प्रभाचा नवरा जर्मनीत, वर्षभर फोन नाही, आणि एक दिवस न सांगता जर्मनीहून भाताचा कुकर येतो. लाल. रात्री प्रभा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. हे दृश्य लिहून दाखवलं तर कोणीही काढून टाका म्हणेल. पडद्यावर बघताना मला हलता आलं नाही.

छाया कदम पार्वती झाल्यात. गिरणी कामगाराची विधवा, बिल्डर घर पाडतोय, हातात कागद एकही नाही. ती आणि प्रभा रात्री जाऊन बिल्डरच्या फलकावर दगड मारतात तो सगळ्या सिनेमातला सर्वांत मोकळा क्षण. पुढे सगळ्या रत्नागिरीला जातात तिथे माझी थोडी तंद्री लागली. सासूबाई समुद्र दिसल्यावर जाग्या झाल्या.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. शेजारची मंडळी नवा ‘कांतारा’ बघायला गेली, आम्हालाही बोलावलं. श्रीखंडानंतर कोणाला हलता येईना. लेकीने पाटीपूजनाला लॅपटॉप ठेवला, वर झेंडूचं फूल. त्यावर दिवसभर एकही व्हिडिओ झाला नाही, ही देवीची कृपा.

५ ऑक्टोबर, रविवार

‘सामना’. जब्बार पटेल, तेंडुलकर, १९७५ च्या सुमाराचा. लेकीने कधी पाहिलेला नव्हता. निळू फुले म्हणजे बाईला वाड्यावर बोलावणारा पाटील, एवढंच तिला मीम्समधून माहीत.

साखर कारखाना, दूध, कोंबड्या, सगळं हिंदुराव धोंडे पाटलांच्या मुठीत. कुठून तरी एक दारुडा मास्तर येऊन टपकतो आणि मारुती कांबळेचं काय झालं एवढंच विचारत सुटतो. श्रीराम लागूंचा मास्तर थोडा नाटकातून आल्यासारखा वाटतो, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय सुटत नाही. लागूंच्या भक्तांनी रागावू नये. निळूभाऊ समोर बसून नुसते ऐकतात. पापणी किंचित खाली, ओठ मुडपलेले, उत्तर द्यायच्या आधी एक क्षण जास्त. त्या एका क्षणात हिंदुराव मास्तरला जेवू घालायचं की संपवायचं, याचा विचार करत असतो, आणि ते आपल्याला कळतं.

लेकीने तेवढा तुकडा मागे नेऊन परत लावला. मग मोबाइलवर वेळ मोजत बसली. “क्लायंटने हे कापायला लावलं असतं,” म्हणाली.

मोहन आगाशे मारुती कांबळे आहेत हे तिला ओळखू आलं नाही. सासूबाईंना आलं.

पुढच्या रविवारी ‘सिंहासन’ ठरलाय. त्यात निळूभाऊ साधे पत्रकार आहेत, खांद्याला झोळी, आणि सगळ्या मंत्र्यांचं ऐकून घेणं हेच त्यांचं काम, हे तिला अजून सांगितलेलं नाही.